हृदयाच्या चित्रात दिसलेले रक्त

करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनावर सोलापूर किंवा पुण्याकडची गाडी आली, की चढणाऱ्यांत एखाददुसऱ्याच्या काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट असतेच. ‘मोठ्या डॉक्टरांना’ दाखवायला निघालेली ही माणसे. गेल्या वर्षी त्यांत माझी धाकटी बहीण होती.

चार पायऱ्या चढल्या तरी तिला धाप लागे, छातीत धडधडे. ‘‘आता वय झालं, दादा,’’ म्हणत तिने दोन वर्षे काढली. अखेर पुण्यात हृदयाचा सीटी स्कॅन झाला. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या; पण अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : रक्ताची घनता कमी वाटते, हिमोग्लोबिन तपासावे.

हृदयाच्या चित्रात रक्ताचा कस कसा दिसला?

सीटीचे यंत्र शरीराचा कोणता भाग क्ष-किरणांना किती अडवतो, ते मोजते. १९७१ मध्ये लंडनला या यंत्राने पहिला रुग्ण तपासला गेला. ते घडवणारे इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड १९७९ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. ही घनता त्यांच्याच नावाच्या एककात मोजतात. पाण्याची शून्य, तर निरोगी रक्ताची साधारण चाळीसच्या पुढे. हिमोग्लोबिन घटले की हा आकडा उतरतो आणि रक्त चित्रात काळपट दिसते. एरवी हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली मांसल भिंत भोवतीच्या रक्तात मिसळून गेलेली असते. रक्तक्षयात ती उजळ उठून दिसते. अर्थात, शिरेतून औषध सोडण्याआधीच्या साध्या चित्रातच हे कळते, आणि सौम्य रक्तक्षय त्यातूनही निसटतो.

म्हणून रक्तक्षय शोधायला कोणी स्कॅन करू नये. त्यात खर्च आहे, किरणांचा माराही आहे. रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. शंभर मिलिलिटर रक्तात स्त्रीला १२, गर्भवतीला ११ आणि पुरुषाला १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना तो आढळला.

बहिणीचे हिमोग्लोबिन आठ निघाले. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच अपुरे, म्हणून बिचारे हृदय दुप्पट राबत होते. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका, रक्त कुठे जाते ते शोधा, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा कुठे तिने सांगितले, की कित्येक वर्षे मूळव्याधीतून रक्त जात होते. संकोचापायी ती घरात बोलली नव्हती. मी उभा जन्म बँकेत लोकांच्या शिलका तपासल्या. सख्ख्या बहिणीचा फिका चेहरा मात्र मला दिसला नाही.

आज रविवार, सगळे घरी असतील. सर्वांना वाढून शेवटी जेवायला बसणारीला एवढेच विचारा, ‘‘अलीकडे दम लागतो का गं?’’ आणि ती ‘‘काही नाही’’ म्हणाली, तरी उद्या तिचे रक्त तपासून घ्या.