नवं मेम, जुना मुस्तफा

आमच्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची बोटं एका अपघातानंतर नीट वळत नाहीत. तरी रविवारी जेवणं झाली की मुलासोबत कॉम्प्युटरवर 'मुस्तफा' खेळणं त्यानं सोडलेलं नाही. त्यासाठी पुतण्यानं मारायची, उडीची, चालायची सगळी बटणं कीबोर्डच्या डाव्या बाजूला बसवून दिली होती. कुठलं बटण कुठे हवं हे ठरवायला बापलेकांना दोन-तीन रविवार लागले होते.

गेल्या महिन्यात पुतण्यानं 'मेम'ची नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि थेट जुन्याच फोल्डरवर उघडली. गेम सुरूच होईना. घाबरून त्यानं अख्खा फोल्डर पुसला आणि पहिल्यापासून मांडामांड केली. त्यात ती बटणंही गेली. भाऊ नुसतं "राहू दे रे" म्हणाला आणि उठून बाहेर गेला. वहिनी माहेरच्या धारवाडच्या, त्या मागून म्हणाल्या, "स्वल्प ताळ्री!" पुतण्याचा चेहरा मात्र एवढासा झाला.

आता ज्यांना मुस्तफा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणी टाकून वाढलेल्या पिढीला खुलासा नको. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं 1993 साली काढलेला. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एक मुस्तफा कैरो. आपल्याकडे पोरांनी गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं.

पार्लरमधलं मशीन घरच्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मेम. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी 1997 साली त्याची पहिली आवृत्ती काढली. साधारण दर महिन्याला नवी आवृत्ती येते. मेम स्वतः गेम नाही; ते त्या मशीनमधल्या चिपांची हुबेहूब नक्कल करतं. गेमचा ऐवज 'रॉम' नावाच्या फायलींत असतो. (आणि बहुतेक रॉमवर आजही कंपन्यांचा हक्क आहे, हे पालकांनी मुलांना सांगितलेलं बरं.)

गोम इथेच आहे. मेम बनवणाऱ्यांना नुसता गेम चालायला नको असतो, मूळ मशीन जसंच्या तसं जपायचं असतं. एखाद्या चिपमधला मजकूर नव्यानं हाती आला की नवी आवृत्ती तोही मागू लागते. मुस्तफाचं नेमकं हेच झालं. या मशीनच्या आवाजासाठी 'क्यूसाउंड' नावाची चिप होती. वर्षानुवर्षं मेम तिचा आवाज अंदाजानं काढत असे. 2018 च्या सुमारास त्या चिपच्या पोटातला प्रोग्रॅम वाचता आला आणि तेव्हापासून मेम 'डीएल-1425' नावाची फाइल वेगळी मागतं. ती नसेल तर गेम अडतो. आपला जुना रॉम बिघडलेला नसतो, मागण्यांची यादी लांबलेली असते. शिवाय एकाच गेमच्या अमेरिकन, जपानी अशा आवृत्त्या असतात. त्यांच्या झिपमध्ये बऱ्याचदा फक्त फरकाच्या फायली असतात, बाकीच्या मूळ झिपमधून घेतल्या जातात. मूळ झिप हलवली की तिच्यावर विसंबलेले सगळे गेम बंद.

म्हणून नवं मेम जुन्यावर कधी ओतू नये. नवा फोल्डर करावा, त्यात नवं मेम उघडावं आणि जुनं जागच्या जागी ठेवावं. रॉमचीसुद्धा जुन्या मेमसाठी एक प्रत तशीच राहू द्यावी. बदल करायचे ते दुसऱ्या प्रतीत.

जुन्यातून आणायचं काय? सगळ्यात मोलाचा तो 'सीएफजी' फोल्डर. बटणांची मांडणी त्यातच असते, सगळ्या गेमसाठी सामाईक वेगळी आणि एकेका गेमची वेगळी. मेम बंद होताना या फायली पुन्हा लिहितं, म्हणून प्रत काढताना ते चालू नसावं. 'एनव्हीरॅम' फोल्डरही उचलावा. मशीन बंद झालं तरी त्याच्या स्मरणात राहणाऱ्या गोष्टी त्यात असतात. 'मेम डॉट आयएनआय' ही सेटिंगची फाइल मात्र सरसकट उचलू नये. मधल्या काळात पर्याय बदललेले असतात. नव्या मेमकडून नवी फाइल बनवून घ्यावी आणि जुनी शेजारी उघडून रॉमचा पत्ता वगैरे हातानं भरावा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासाचं काम.

अर्ध्यावर थांबवून साठवलेला खेळ नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. तो जुन्या मेममध्येच संपवून घ्यावा.

आमच्या घरी दिवाळीत काढलेली जुन्या फोल्डरची प्रत एका पेनड्राइव्हवर सापडली, ते नशीब. पुतण्यानं तीतून सीएफजीमधल्या फायली नव्या फोल्डरात आणल्या, राहिलेल्या आवाजाच्या फाइलचा प्रश्न मिटवला आणि रविवारी भावाला हाक मारली. भावानं डावा हात कीबोर्डवर ठेवला, दोन बटणं दाबून पाहिली आणि नुसता म्हणाला, "चल, नाणं टाक."

जुना फोल्डर पेनड्राइव्हवरून परत कॉम्प्युटरवर आलाय. त्याला पुतण्यानं नाव दिलंय, 'अप्पांचं – हात लावू नये'.