मेणाची माणसे

सुदुंबरे हे मावळ तालुक्यातील गाव संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथून पश्चिमेची वाट धरून तळेगाव, वडगाव, कामशेत ही गावे मागे टाकीत गेले, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळे लागते. थंड हवा, पावसाळ्यातील धबधबे आणि चिक्की यांसाठी प्रवासी येथे गर्दी करतात. याच लोणावळ्यात केरळचे शिल्पकार सुनील कंडल्लूर यांनी मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय उभारले आहे. विलायतेत अशी संग्रहालये समुद्रकाठच्या विहारस्थळी आढळतात. आपल्याकडे ते डोंगरमाथ्यावर आले, एवढाच फरक.

आत पाऊल टाकताच पाहणारा क्षणभर गोंधळून जातो. नामवंत पुढारी, खेळाडू, गायक आपल्यापुढे उभे! डोळ्यांत तेज आहे, कपाळावर सुरकुत्या आहेत; परंतु पापणी मात्र लवत नाही. हा चमत्कार घडतो तरी कसा?

प्रथम शिल्पकार त्या व्यक्तीची अनेक बाजूंनी घेतलेली छायाचित्रे आणि मापे गोळा करतो. त्यांच्या आधारे तो मातीचा पुतळा घडवितो. मेण थंड होताना आकसते. म्हणून मूळ मापाहून हा पुतळा किंचित मोठा ठेवावा लागतो. मातीच्या मस्तकावर प्लॅस्टरचा साचा घेतात व त्यात वितळलेले मेण ओततात. साच्याला लागून असलेले मेण आधी गोठते. पुरेसा जाड थर बसला, की आतले पातळ मेण ओतून टाकतात. साचा उघडल्यावर पोकळ मस्तक हाती येते. मग त्यात कृत्रिम डोळे बसवितात, एकेक केस सुईने रोवतात आणि रंगाचे पातळ थर देऊन त्वचेची छटा साधतात. बहुधा चेहरा आणि हात एवढेच मेणाचे असतात. वस्त्रांखाली झाकलेले शरीर दुसऱ्या पदार्थाचे असते.

हे मेण मुळात मधमाश्यांची देणगी होय. कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून ते पाझरते आणि त्याचीच षट्कोनी घरे बांधून माश्या पोळे तयार करतात. ते सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड होताच साच्यातील बारीकसारीक रेषाही जपून ठेवते. हा गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. मेणाची मूर्ती मातीत लिंपून ती तापवावी, मेण वाहून गेल्यावर पोकळीत धातूचा रस ओतावा, ही रीत बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वर्णिलेली आहे.

मेणाच्या पुतळ्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली ती मादाम तुसाँ या स्त्रीने. इ. स. १७६१ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी फिलिप कुर्तियस यांच्या हाताखाली ही कला आत्मसात केली. १८०२ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि गावोगाव पुतळे दाखवीत हिंडल्या. अखेर १८३५ मध्ये लंडनमध्ये त्यांचे प्रदर्शन स्थिरावले. १९२५ मध्ये तेथे आग लागून पुष्कळ पुतळे वितळले. साचे मात्र बचावले, म्हणून ते पुन्हा घडविता आले.

मेण हे असे उष्णतेने विरघळणारे. मग माणसाची आठवण टिकते ती कशाने? संताजींच्या काळी छायाचित्रण नव्हते. त्यांचे हुबेहूब रूप आज कोणालाही घडविता येणार नाही. व्यवसायाने ते तेली. घाण्यावर कष्ट करणाऱ्या या पुरुषाने तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवले, असे वारकरी परंपरा कृतज्ञतेने सांगते. त्यांचा चेहरा काळाआड गेला, तरी वारीच्या वाटेवर त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

म्हणून मुलांनो, मेणाच्या पुतळ्यांपुढे उभे राहाल, तेव्हा शिल्पकाराच्या कौशल्याचे कौतुक अवश्य करा. आणि त्याबरोबरच स्वतःला विचारा, ‘या व्यक्तीने असे कोणते काम केले, की लोकांना तिची आठवण ठेवावीशी वाटली?’ त्याचे उत्तर पुतळ्यापाशी मिळणार नाही; ते ग्रंथांत आणि जाणत्या माणसांपाशी शोधावे लागेल.