देवगिरीचं सोनं, दिल्लीचं तख्त

तुम्ही दिल्लीत किंवा आसपास राहत असाल, तर हौज खास, शाहपूर जाट, सिरी फोर्ट ही नावं तुमच्या रोजच्या ऐकण्यातली असतील. सिरी फोर्ट म्हटलं की आपल्याला ऑडिटोरियम आणि पार्किंगची मारामारी आठवते. पण शाहपूर जाटजवळ जाड दगडी तटबंदीचे तुकडे आजही उभे आहेत. हे सिरी शहर वसवलं अलाउद्दीन खिलजीने, आणि त्याला दिल्लीचं तख्त मिळालं ते आपल्या महाराष्ट्रातून नेलेल्या सोन्याच्या जोरावर.

शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग दोन ओळींत संपतो : १२९६ मध्ये अलाउद्दीनने देवगिरीवर स्वारी केली, राजा रामचंद्रदेव यादव हरला. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तो आणखी छोटा होतो. एका बाजूला हिंदू, दुसऱ्या बाजूला मुसलमान, संपली गोष्ट. इतिहासाचा अभ्यास करत असाल किंवा घरात कुणी करत असेल, तर या दोन ओळी जरा उघडून बघा. आत बरीच माणसं सापडतील आणि त्यातली अर्धी या सोप्या चौकटीत बसणार नाहीत.

काकांना पत्ताच नाही

१२९६ मध्ये अलाउद्दीन सुलतान नव्हता. तो कडा प्रांताचा सुभेदार होता. हे कडा आज उत्तर प्रदेशात, कौशांबी जिल्ह्यात येतं. दिल्लीच्या तख्तावर होता जलालुद्दीन खिलजी, म्हणजे अलाउद्दीनचा सख्खा चुलता, आणि वर सासराही. पुतण्याला तख्त हवं होतं. त्यासाठी फौज हवी होती आणि फौजेसाठी पैसा. देवगिरी श्रीमंत आहे हे त्याच्या कानावर आलेलं होतं.

मग त्याने काकांना काहीही न सांगता हजार किलोमीटरच्या आसपासची ही मजल मारली. मागे कड्याचा कारभार सांभाळायला अलाउल्मुल्क नावाचा अधिकारी ठेवला. सुलतानाला खोटे अहवाल पाठवत राहायचं, हे त्याचं मुख्य काम! हे आपल्याला सांगतो झियाउद्दीन बरनी, आणि अलाउल्मुल्क हा या बरनीचा स्वतःचा काका. घरातलीच बातमी म्हणा ना.

देवगिरी बेसावध होती. यादवांची मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. लासूरजवळच्या घाटात कान्हा नावाच्या सरदाराने अलाउद्दीनला अडवायचा प्रयत्न केला. त्याच्याबरोबर दोन स्त्रियाही वाघिणीसारख्या लढल्या, असं इसामी हा इतिहासकार लिहितो. त्यांची नावं मात्र त्याने दिलेली नाहीत, आणि मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त चुटपुट याचीच लागते.

किल्ल्यात अडकलेल्या रामचंद्रदेवाची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती उघडली, तर आत मीठ निघालं. तुम्हीही ती ऐकली असेल. तिच्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ. शंकरदेव परत आला, लढला, पण मागून दिल्लीची मोठी फौज येतेय अशी हूल उठली आणि यादवांची फळी मोडली. प्रचंड खंडणी घेऊन अलाउद्दीन परतला.

ते सोनं गेलं कुठे? त्याच वर्षी जुलैमध्ये, गंगेच्या काठी, भेटीला आलेल्या काकांचा अलाउद्दीनने खून करवला. मग तो दिल्लीकडे निघाला. बरनी सांगतो की, वाटेत प्रत्येक मुक्कामावर मंजनीकने, म्हणजे किल्ल्यावर दगड फेकायच्या यंत्राने, गर्दीवर सोनं उधळलं जात होतं. जलालुद्दीनचे सरदार एकेक करून फुटले. म्हणजे देवगिरीच्या लुटीचा पहिला उपयोग झाला तो एका मुसलमान सुलतानाच्या विरोधात.

आणि रामचंद्रदेव तरी कसा गादीवर आला होता? १२७१च्या सुमारास त्याने चुलतभाऊ आमणदेवाकडून राज्य हिसकावलं होतं. तो नाटकमंडळींच्या सोंगात किल्ल्यात शिरला आणि आमणदेवाचे डोळे काढले गेले, अशी हकिकत महानुभाव साहित्यातून आपल्यापर्यंत आली आहे. तख्त दिल्लीचं असो नाहीतर देवगिरीचं, घरच्या माणसाला पहिला धोका घरच्या माणसाकडूनच असायचा.

कैदी की पाहुणा?

पुढचा भाग आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. देवगिरीकडून खंडणी यायची थांबली, तेव्हा १३०७-०८ मध्ये अलाउद्दीनने मलिक काफूरला पाठवलं. हा काफूर मूळचा हिंदू, गुजरातच्या स्वारीत खंभातला हाती लागलेला गुलाम. त्याने रामचंद्रदेवाला पकडून दिल्लीला आणलं.

आता शिरच्छेद, असंच वाटेल ना? झालं उलटंच. सुलतानाने त्याला काही महिने मानाने ठेवून घेतलं, ‘रायरायान’ म्हणजे राजांचा राजा हा किताब दिला, छत्र दिलं, वर नवसारीचा मुलूख आणि एक लाख टंके देऊन परत पाठवलं. रामचंद्रदेवाची मुलगी अलाउद्दीनला दिलेली होती. १३१६ मध्ये अलाउद्दीन मेल्यावर काफूरने ज्या लहानग्या शिहाबुद्दीन उमरला गादीवर बसवलं, तो या मुलीचा मुलगा. काही आठवडे का होईना, दिल्लीच्या तख्तावर यादवांचा नातू बसला होता.

हा सगळा मानपान प्रेमापोटी नव्हता, हे सांगायला नको. अलाउद्दीनला दक्षिणेत तळ हवा होता. पुढच्या वर्षी काफूर वरंगळच्या काकतीयांवर निघाला, तेव्हा त्याच्या फौजेला देवगिरीत दाणागोटा मिळाला आणि मराठी सैनिकही मिळाले. त्यानंतर होयसळांच्या द्वारसमुद्रावरच्या मोहिमेत वाट दाखवायला यादवांचा दळवी परशुराम होता. होयसळ आणि काकतीय हे यादवांचे जुने वैरी. रामचंद्रदेवाला सुलतानाचा उपयोग होत होता, तसा सुलतानाला त्याचा.

मग धर्म कुठे होता?

इथे एक घाई होऊ शकते. ‘हे सगळं राजकारण होतं, धर्माचा संबंधच नव्हता,’ असं म्हणून मोकळं होणं. ते तितकंच चूक आहे.

काफूरच्या स्वाऱ्यांत दक्षिणेतली देवळं लुटली गेली. दरबारी कवी अमीर खुस्रोने त्या मोहिमांचं वर्णन धर्माच्या विजयाच्या भाषेत आणि अभिमानाने केलं आहे. रामचंद्रदेवाच्या मुलाने, शंकरदेवाने, खंडणी नाकारली आणि तो लढाईत मारला गेला. जावई हरपाळदेव उठला, तेव्हा १३१८ मध्ये सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशाहाने त्याला जिवंत सोलून मारलं. त्याच काळात देवगिरीत देवळांचे खांब वापरून मोठी जामा मशीद उभी राहिली. दौलताबादला गेलात तर तुम्ही तिच्या आत नक्की जाल, फक्त आज तिथे भारतमातेचं मंदिर आहे. दिल्लीत कुतुबमिनारच्या शेजारी कुव्वतुल इस्लाम मशिदीतही हेच दिसतं. खांबांवरच्या साखळ्या आणि घंटा जरा थांबून बघा. २७ देवळांचं सामान वापरल्याचं तिथल्या शिलालेखातच लिहिलेलं आहे.

म्हणजे धर्म होता. विजय साजरा करायला होता, हरलेल्याला त्याची जागा दाखवायला होता, दरबारात मिरवायला होता. पण कुणावर चालून जायचं, कुणाला मारायचं आणि कुणाला छत्र द्यायचं, हे ठरवताना पैसा आणि गादी पुढे असायची. याच अलाउद्दीनने इस्लाम स्वीकारून दिल्लीजवळ राहिलेल्या हजारो मंगोलांची कत्तल करवली, कारण त्याला बंडाचा संशय आला.

बरनीने नोंदवलेला एक संवाद तर थेट आपल्या देवगिरीबद्दल आहे. काझी मुघीसुद्दीनला अलाउद्दीन विचारतो, देवगिरीहून आणलेली दौलत कुणाची? काझी सांगतो, फौजेच्या बळावर आणली, म्हणजे ती सरकारी खजिन्याची. सुलतान चिडतो. ती मी सुलतान होण्याआधी स्वतःच्या हिमतीवर मिळवली, मग ती माझीच, असं त्याचं म्हणणं. पुढे तो सांगून टाकतो की धर्मशास्त्र काय म्हणतं ते मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचं वाटेल ते मी करतो. काझी घरी जाऊन बायकामुलांचा निरोप घेऊन आला होता म्हणे, आज मान उडणार या समजुतीने. मान उडाली नाही, उलट बक्षीस मिळालं.

सांगणारा कोण?

मी इंग्रजी साहित्य शिकले, त्यामुळे गोष्ट वाचताना ती सांगतंय कोण हे आधी बघायची खोड आहे. इतिहासात ही खोड फार कामाला येते. प्रोजेक्ट करताना किंवा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं नक्की बघा.

खुस्रो सुलतानाच्या पदरी होता, त्यामुळे त्याच्या लिखाणात सुलतान कधी चुकत नाही. बरनीने म्हातारपणी, दरबारातून बाहेर फेकला गेल्यावर लिहिलं. सुलतानाने हिंदूंशी याहून कडक वागायला हवं होतं असं त्याचं ठाम मत होतं, त्यामुळे त्याने सुलतानाच्या तोंडी घातलेली वाक्यं जपून घ्यावी लागतात. आणि मिठाच्या पोत्यांची ती गोष्ट? ती फिरिश्ताची. तो विजापूरला बसून लिहीत होता, १६०० नंतर, म्हणजे प्रसंगाला तीनशे वर्षं उलटल्यावर. खंडणीतल्या शेकडो मण सोन्याचे आकडेही त्याचेच. गोष्ट म्हणून झकास आहे, पण पुरावा म्हणून तिला हळूच हात लावा.

मराठी बाजू ऐकायची तर १२९० साली नेवाशात पुरी झालेल्या ज्ञानेश्वरीत याच रामचंद्रदेवाचं नाव गौरवाने येतं. अवघ्या सहा वर्षांनी हे राज्य लुटलं जाणार होतं, याची तिथे चाहूलही नाही.

राहिला इसामी, घाटातल्या त्या दोन स्त्रियांची आठवण ठेवणारा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद झालं, तेव्हा दिल्लीच्या बड्या घराण्यांना तिकडे जावं लागलं. इसामीचं कुटुंबही निघालं. नव्वदीचे आजोबा पहिल्याच मुक्कामी, तिलपतला वारले. हे तिलपत आज फरीदाबादमध्ये येतं. १३४७ मध्ये दौलताबादेत तुघलकाच्याच सरदारांनी त्याच्याविरुद्ध बंड करून बहमनी राज्य उभं केलं, आणि इसामी त्या नव्या सुलतानाच्या आश्रयाने लिहू लागला. त्याच्या ग्रंथात मुहम्मद तुघलक सैतानाहून काळा दिसतो. त्यातला किती राग नव्या मालकाला खूश करण्यासाठी आणि किती तिलपतला सोडून आलेल्या आजोबांसाठी, हे वाचताना तुम्हीच ठरवा.