पिल्लांचीही नोंद हवी



ऊस विकास अधिकाऱ्याने उसाचे सोडून कोंबडीवर लिहिले म्हणून काही जुनी मंडळी आमच्यावर डाफरतील. डाफरोत बापडी. पण आपल्या कार्यक्षेत्रात फिरताना आता उसाच्या फडाशेजारी पत्र्याचे लांबट शेड हमखास दिसते. ओट्यावर चहा येईपर्यंत पहिला प्रश्न होतो, "साहेब, तोड कधी?" आणि दुसरा, "पिल्लं टाकू का नको?" पहिल्याचे उत्तर आमच्या वहीत असते, दुसऱ्याचे नसते.

आधी आमची चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमाराला जिवंत पक्ष्याला भाव चांगला होता. एकाच गावच्या पाच सभासदांनी विचारले आणि आम्ही बेधडक सांगितले, "टाका, भाव आहे." पाचांनीही आठवड्याच्या आत पिल्ले टाकली. आम्ही एवढाच विचार केला नाही की चढा भाव पाहून बाकीच्या तालुक्यांतही लोकांनी हेच केले असेल. सहा आठवड्यांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला. वर नागपूरचे ऊन. दोन किलोचा पक्षी चोच उघडून धापा टाकतो तेव्हा त्याला सावली पुरत नाही, वारा आणि पाण्याचा फवारा लागतो. एका दुपारी लाइन गेली. संध्याकाळी एका शेडमधून मेलेले पक्षी पोत्यांत भरून काढावे लागले. उरले ते व्यापाऱ्याने पाडून मागितलेल्या भावात गेले. त्या घरची बाई आम्हाला शांतपणे म्हणाली, "साहेब, ऊस लावला का तुम्ही वही काढता. पिल्लं टाकली तवा वही कुठं होती?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून मग आम्ही या धंद्याचे घड्याळ नीट समजून घेतले.

उसाचे घड्याळ सभासदांना पाठ आहे. लागणीची तारीख नोंदली की कुठला प्लॉट केव्हा तोडीला येईल आणि किती टन पडेल, याचा अंदाज आधीच बांधता येतो. कोंबडीचे घड्याळ याहून पक्के आहे. हॅचरीत अंडे मशीनमध्ये लागले की एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. त्यातले पहिले १८ दिवस अंडी सेटरमध्ये साडेसदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात आणि मशीन ती आपोआप कलती करते. शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये, जास्त दमट हवेत. शंभर अंड्यांत साधारण ८०-८५ पिल्ले धरावीत. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर पिल्लू दीड-दोन दिवस काढते, म्हणून खोक्यात घालून दूर पाठवता येते. शेडमध्ये आले की ३८ ते ४२ दिवसांत दोन किलोचा पक्षी तयार. म्हणजे आज हॅचरीत किती अंडी लागली हे ज्याला कळले, त्याला दोन महिन्यांनंतरचा बाजार आजच दिसला.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. श्रावणात मटण-कोंबडी बंद. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात आणि घरोघरी रस्सा शिजतो. उलटे मोजत जा. करीला पक्षी हवा, तर पिल्लू आषाढ वद्य पंचमीच्या आसपास शेडमध्ये पाहिजे. ते पिल्लू हवे, तर अंडे ज्येष्ठ अमावास्येला मशीनमध्ये लागले पाहिजे. त्या वेळी आपल्या मनात पेरणीशिवाय दुसरे काही नसते! हॅचरीवाला मात्र तेव्हा पोळ्याचा हिशेब करीत असतो.

अमेरिकेत हा हिशेब झाकलेला नाही. तिथले कृषी खाते दर आठवड्याला छापते की मांसल कोंबडीची किती अंडी मशीनला लागली आणि किती पिल्ले शेडमध्ये गेली. आठवड्याला वीस कोटींच्या वर अंड्यांचा हा मामला आहे. शेतकरी, खाद्यवाला, व्यापारी सगळे तोच आकडा वाचतात.

आपल्याकडे पंचवार्षिक पशुगणना होते. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदके भरली. त्यांतली सुमारे ५३ कोटी व्यापारी शेडमधली, बाकी परसातली. गणना आपल्या जागी मोलाची आहे, पण मांसल पक्ष्याला ती पकडू शकत नाही. एकाच शेडमधून वर्षाला पाच-सहा लॉट निघतात आणि मोजणारा येतो त्या दिवशी कदाचित शेड चुना मारून रिकामे असते. देशातल्या एकूण मांसापैकी निम्म्याच्या आसपास कोंबडीचे, आणि पुढच्या महिन्यात ते किती येणार हे पिकवणाऱ्यालाच कळायला मार्ग नाही!

संघटनेचे नाव घ्यायचे तर डॉ. बी. व्ही. राव यांचे घ्यावे लागते. १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज त्यांनी उभी केली आणि १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती. अंड्याचा भाव उत्पादकाने जाहीर करावा, ही रीत तेव्हापासून रुळली. मांसल पक्ष्याचे तितके सोपे नाही. अंडे काही दिवस थांबते. पक्षी थांबला की खातच राहतो, आणि दोन किलोच्या पुढे खाल्लेले खाद्य अंगी कमी लागते.

आकडा हाती नसला की काय होते ते २०२० मध्ये दिसले. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली आणि मार्चमध्ये भाव कोसळले. पिल्ले फुकट देऊनही कुणी घेईना. हॅचऱ्यांनी अंडी लावणे कमी केले. मग दोन महिन्यांनी, घड्याळाप्रमाणेच, पक्ष्यांची टंचाई झाली आणि भाव चढले. त्या वेळी ज्याच्या शेडमध्ये पक्षी होते त्याचे साधले. आपल्यातले बहुतेक तोवर शेडला कुलूप लावून बसले होते. रोगाचे संकट वेगळेच. २०२४ च्या मार्चमध्ये आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातच बर्ड फ्लू निघाला आणि तिथले उरलेले पक्षी व अंडी नष्ट करावी लागली. अशा वेळी कुठल्या शेडमध्ये कुठून पिल्ले आली, हे लिहून ठेवलेले असले तर निस्तरणे सोपे जाते.

खाद्याचीही गोम आहे. या धंद्यात सर्वांत मोठा खर्च मका-सोयाबीनचा. २०२१ मध्ये सोयापेंड इतकी भडकली की सरकारला १२ लाख टन पेंड आयात करू द्यावी लागली. आणि आता मक्याचे इथेनॉलही होते. म्हणजे साखर-इथेनॉलच्या धंद्यात आपण एका हाताने जे कमावतो, ते दुसऱ्या हाताने कोंबडीच्या खाद्यात जाऊ शकते. (आमच्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही. वाद चालू आहे.)

आता करार पद्धतीविषयी. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, तूस, वीज, राबणूक आपली. किलोमागे वाढावणी मिळते. भाव पडला तर झळ कंपनीला, हे खरे, आणि कर्ज काढून शेड बांधलेल्या नवख्याने तूर्त यातच राहावे असे आमचे मत आहे. पण पुढचा लॉट केव्हा द्यायचा हे कंपनी ठरवते, कारण अंड्यांचा आकडा तिच्याजवळ असतो. श्रावणाआधी शेड रिकामे राहते ते उगीच नाही. बँकेचा हप्ता मात्र रिकाम्या शेडलाही लागतो. तेव्हा करार करताना वर्षाला किमान किती लॉट मिळतील ते कागदावर घ्या. तोंडी बोलीवर राहू नका.

सगळ्या देशाचा आकडा आपल्याला मिळणार नाही. आपल्या कार्यक्षेत्राचा तरी मिळावा, म्हणून प्रत्येक गट कार्यालयात उसाच्या नोंदवहीशेजारी आम्ही एक वही ठेवली आहे. पिल्ले आल्याची तारीख, संख्या, कुठल्या हॅचरीची, आठवड्याची मर, पक्षी उचलल्याची तारीख व वजन, एवढेच लिहायचे. करारवाल्यांनीही आणि स्वतःच्या हिमतीवर करणाऱ्यांनीही. चिटबॉय फेरीवर येईल तेव्हा त्याला सांगितले तरी चालेल. दर सोमवारी गटाची बेरीज फळ्यावर लागेल. कुणाचे नाव लागणार नाही, फक्त कुठल्या आठवड्यात किती पक्षी बाहेर पडणार ते. एकाच आठवड्यात गर्दी दिसली तर ज्याने अजून पिल्ले सांगितली नसतील त्याने दहा दिवस थांबावे. शेडमधले खतही त्याच वहीत लिहा. खोडव्यासाठी ते मागणारे सभासद पुष्कळ आहेत, मात्र कुजवूनच द्या.

पहिली नोंद त्याच बाईंनी केली. बाराशे पिल्ले, आणि या वेळी तारीख आम्हाला न विचारता त्यांनीच काढली.