खरवडलेल्या रंगाची चाळीस वर्षे

एडवर्ड मुंकची थोरली बहीण सोफी १८७७ साली क्षयाने गेली, तेव्हा ती अवघी १५ वर्षांची होती. आई त्याच रोगाने १८६८ मध्येच गेली होती. ‘आजारी मुलगी’ हे चित्र मुंकने १८८५-८६ मध्ये रंगवले आणि पुढची चाळीस वर्षे तो त्याकडे वळत राहिला: तैलरंगातली एकूण सहा चित्रे, शिवाय मुद्राचित्रे. मृत्यूच्या ओळखीच्या खुणा त्यांत शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही. कवटी नाही, विझती मेणबत्ती नाही. औषधाची बाटली आणि पेला आहे, पण त्या वस्तू कुठल्याही आजाऱ्याच्या उशाशी असतातच. माझ्या मते इथला मृत्यू रंगाच्या थरातच मुरला आहे.

क्रिस्तियान क्रोगचे याच विषयावरचे १८८१चे चित्र शेजारी ठेवले की हे पटते. क्रोगची मुलगी थेट आपल्याकडे पाहते, तिच्या हातात कोमेजता गुलाब आहे. त्या गुलाबाचा अर्थ लागला की चित्रही उलगडल्यासारखे वाटते. मुंकच्या मुलीची नजर पडद्याकडे लागलेली. जवळ बसलेल्या बाईची मान इतकी खाली गेलेली की चेहरा दिसत नाही. दोघींचे हात जिथे गुंतले आहेत तिथे बोटे नाहीत, नुसता रंगाचा पुसट डाग आहे. सगळे चित्र ज्या स्पर्शावर उभे, तोच पुसलेला. समोर बसवलेली मुलगी दुसरीच होती आणि सोफीला जाऊन आठ वर्षे लोटली होती. मुंक रंगवी, खरवडी, पुन्हा रंगवी. १८८६च्या प्रदर्शनात टीकाकारांनी चित्राला अर्धवट म्हणून झोडपले. अर्धवटपणा त्यांना बरोबर दिसला. त्याचे कारण मात्र दिसले नाही.

पुढची चित्रे मागणीवरून झाली, मग त्यांत शोक कसला, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे: १८९६चे चित्र उलाफ शू या संग्राहकासाठी होते, १९०७ मधले एक एर्नेस्ट थील यांच्यासाठी. ओरखडेही ओसरले, रंग उजळले, आणि पहिल्या चित्राची धग पुढे कमी झाली हे मान्यच करायला हवे. पण मागणी फार तर नवी प्रत का झाली एवढेच सांगते. हात सराईत झाल्यावरही त्या बाईची मान एकदाही वर आली नाही, हे मागणीने उलगडत नाही. शिवाय १९२०च्या दशकातली शेवटची दोन चित्रे मुंकपाशीच राहिली आणि १९४४ मध्ये तो गेल्यावर ओस्लो शहराकडे आली.