डाव्या पायाची सुटी

आमचें घर नऊ माणसांचें. घरांत मोटार आहे, ती उभी करण्यास जागाहि आहे. परंतु ती हांकणारें माणूस कित्येक वर्षें एकच होतें, आणि तें म्हणजे प्रस्तुत लेखक. कोणास स्टेशनवर पोंचवावयाचें असो, लग्नकार्यास जावयाचें असो, अथवा रात्रीं-अपरात्रीं मातुःश्रींना दवाखान्यांत न्यावयाचें असो, आमच्यावांचून गाडीचें चाक हालत नसे. या गोष्टीचा आम्हांस थोडासा अभिमानहि वाटे. पुढें आमच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, वारंवार क्लच दाबण्याचें सामर्थ्य पायांत उरलें नाहीं, आणि तो अभिमान एका दिवसांत उतरला. मातुःश्रींना आठवड्यांतून दोन वेळां इस्पितळांत न्यावें लागे, आणि भाड्याची गाडी वेळेवर मिळेच असा भरंवसा नसे. तेव्हां आमच्या सौभाग्यवती वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं म्हणाल्या, “तुम्ही नुसते शेजारीं बसा, मी शिकतें.” जुनी गाडी विकून आम्ही आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली, ती अशा अडचणींतून.

या गाडीस लोक सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, व त्या एका शब्दानें पुष्कळांचा घोंटाळा होतो. वास्तविक हिच्या पोटांतील गिअरपेटी नेहमींच्या गाडीसारखीच असते. तींच दांत्यांचीं चाकें, आणि एंजिन व पेटी यांच्यामध्यें घर्षणानें चिकटणारी तीच क्लचप्लेट. फरक इतकाच कीं, आपला डावा पाय व डावा हात जें काम करीत, तें आतां यंत्र करतें. पुष्कळ गाड्यांत विजेवर चालणारा पंप, तेलाचा दाब व लहानसा संगणक मिळून तें पार पाडतात. ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, गाडीचा वेग किती, एंजिनाचे फेरे किती, हें पाहून संगणक क्लच सोडवितो, गिअर बदलतो आणि क्लच पुनः जोडतो.

ही युक्ति अगदीं नवी नव्हे. जपानांतील इसुझु कंपनीनें १९८४ सालीं ती आपल्या आस्का गाडींत आणली. इटलींतील फेरारीनें १९९७ सालीं आपल्या एफ ३५५ गाडीस ती बसविली. आपल्याकडे सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत ती आली २०१४ सालीं, मारुति सुझुकीच्या सेलेरिओ गाडीबरोबर. मूळची पेटी कायम ठेवून वरून हीं ‘हातपाय’ जोडलेले असल्यामुळें ती इतर स्वयंचलित प्रकारांपेक्षां स्वस्त पडते.

सौभाग्यवतींनीं प्रथम शिकाऊ परवाना काढला. तो सहा महिने चालतो, व मिळाल्यापासून तीस दिवस गेल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. सकाळीं रहदारी सुरू होण्यापूर्वीं मोकळ्या मैदानांत धडे सुरू झाले. पहिला धडा असा कीं, डावा पाय चटईवर ठेवून तो विसरून जावयाचा. ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाचीं कामें. ज्यास क्लचची जुनी संवय आहे तो चुकून डावा पाय ब्रेकवर जोरानें देतो, आणि मागें बसलेल्यांचीं कपाळें पुढच्या बाकास लागतात. आमच्या चिरंजीवांच्या हातून हें दोनदां झालें. सौभाग्यवतींच्या हातून एकदांहि झालें नाहीं, कारण विसरण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहींच नव्हतें.

गाडी सुरू करतांना दांडा ‘एन’वर, पाय ब्रेकवर, आणि मग किल्ली. पुढें जाण्यास ‘डी’, मागें येण्यास ‘आर’. मात्र ‘आर’ टाकण्यापूर्वीं गाडी पुरती थांबलीच पाहिजे. ब्रेक सोडतांच आमची गाडी सपाट रस्त्यावर मुंगीच्या पावलानें आपण होऊन सरकूं लागते. नवशिक्यास याची भीति वाटते, परंतु गाडी जागेवर लावतांना याचाच उपयोग होतो. गिअर बदलतांना क्षणभर एंजिनाचा जोर तुटतो व बसलेल्यांच्या माना डुलतात. त्या क्षणीं पाय किंचित् उचलला कीं हें डुलणें पुष्कळ कमी होतें. तो क्षण एंजिनाच्या आवाजावरून ओळखावा लागतो. सौभाग्यवतींस तो पंधरा दिवसांत कळूं लागला. कुकरची शिटी होणार हें ज्यांस आधीं कळतें, त्यांस यांत अवघड तें काय, असें त्यांचें म्हणणें.

आम्हांस मात्र अक्कल आली ती खंबाटकीच्या घाटांत. डाव्या पायाचें काम उरलें नाहीं असें पाहून आम्हीहि पुनः गाडी हांकूं लागलों होतों. एका रविवारीं मातुःश्रींना वाईस ढोल्या गणपतीच्या दर्शनास नेत असतां घाटांत गाड्यांची लांबच लांब रांग लागली. गाडी मागें घसरूं नये म्हणून आम्ही ब्रेक न लावतां ॲक्सिलरेटर हलकेच दाबून तिला चढावर तोलून धरूं लागलों. सौभाग्यवतींनीं “ब्रेक लावा” म्हणून दोनदां सुचविलें. आम्ही आमच्या तीस वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला. थोड्याच वेळांत जळका वास सुटला, समोर धोक्याचा दिवा लागला, आणि गाडी पुढें जाईना. पाठीमागें मालमोटारी, मागच्या बाकावर ऐंशीं वर्षांच्या मातुःश्री, आणि भर उन्हाची वेळ! हातब्रेक ओढला, चाकाखालीं दगड लावला, एंजिन बंद केलें. अर्ध्या तासानें गाडी निवाली, ती पुढें नेली सौभाग्यवतींनीं.

पुण्यास परतल्यावर मेकॅनिकनें क्लचप्लेट काढून दाखविली. ती काळी पडली होती. तो म्हणाला, “काका, क्लच तुमच्या पायाखालून गेला, गाडींतून गेला नाहीं.” चढावर असें तोलून धरलें म्हणजे प्लेट अर्धवट चिकटून सारखी घासत राहते, तापते व जळते. जुन्या गाडींत याची जाणीव पायास होई. येथें पाय व क्लच यांची गांठच पडत नाहीं, म्हणून दोष कळतो तो वासानें, म्हणजे उशिरा. नवी प्लेट बसविल्यावर ती नेमकी कोठें पकड घेते हें संगणकास पुनः शिकवावें लागलें. आम्ही मात्र शिकविण्यापलीकडचे ठरूं नये, म्हणून त्याच दिवशीं पुस्तिका प्रथमपासून शेवटपर्यंत वाचून काढली.

त्या वाचनाचें व अनुभवाचें सार येथें देतों. चढावर थांबावयाचें तें ब्रेकवरच. निघतांना हातब्रेक लावून ॲक्सिलरेटर दाबावा, व गाडी पुढें ओढूं लागली कीं हातब्रेक सोडावा. कांहीं गाड्या चढावर एकदोन सेकंद आपोआप धरल्या जातात. त्या आधारावर निर्धास्त राहूं नये. गर्दींत वीतवीत सरकण्यापेक्षां पुढें जागा होऊं द्यावी व एकदांच जावें. फार वेळ थांबावें लागल्यास ‘एन’ व हातब्रेक. घाट उतरतांना दांडा ‘एम’वर घेऊन खालचा गिअर धरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहींत, ‘एन’वर तर कधींच उतरूं नये. दुसऱ्या गाडीपुढें जातांना यंत्र गिअर बदलण्यास क्षणभर विलंब लावतें, तो हिशेबांत धरूनच धाडस करावें. यांतील बहुतेक गाड्यांस ‘पी’ हें स्थान नसतें. म्हणून उभी करतांना हातब्रेक पक्का ओढावा, आणि उतारावर पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें गिअरमध्यें ठेवून एंजिन बंद करावें. गिअर बदलणारी यंत्रणा विजेवर अवलंबून असल्यामुळें बॅटरी अशक्त होऊं देऊं नये. आणि नियमित तपासणीच्या वेळीं या यंत्रणेच्या तेलाची पातळी आठवणीनें पाहावयास सांगावें.

त्यानंतरच्या श्रावणांत एका रात्रीं अडीच वाजतां मातुःश्रींना धाप लागली. चिरंजीव परगांवीं होते. पाऊस कोसळत होता. सौभाग्यवती चाकावर बसल्या. इस्पितळाच्या दारांतील चढावर पुढें रुग्णवाहिका आडवी उभी होती. त्यांनीं ब्रेकवर गाडी थांबविली, हातब्रेक ओढला, आणि वाट मोकळी होतांच ती एक तसूभरहि मागें न जाऊं देतां वर नेली. आम्ही शेजारीं बसून एक शब्दहि बोललों नाहीं. चार दिवसांनीं मातुःश्री घरीं आल्या, त्या वेळीं गाडीच्या दाराशींच म्हणाल्या, “सूनबाई, तूंच चालव. हा उगीच सूचना करीत बसतो.”

ज्या घरीं मोटार आहे, तेथें ती हांकूं शकणारीं निदान दोन माणसें असावींत, एवढेंच आमचें सांगणें. या गाडीनें तें पुष्कळ सोपें केलें आहे. परंतु जें काम यंत्रानें आपल्या डाव्या पायाकडून घेतलें, त्याची काळजी आपल्या डोक्याकडेच राहिली आहे. आमच्या धाकट्या भावजयीनें शिकाऊ परवान्यासाठीं अर्ज केला आहे. तिला शिकविण्याचें काम घरांत एकमतानें सौभाग्यवतींकडे देण्यांत आलें.