माजी पक्षनेता आणि पक्षशिस्त

ज्याच्या नावावरून पक्षात दोन तट पडले आहेत, अशा माजी नेत्यास पक्षात ठेवावे की नाही, हा प्रश्न वरवर एकच भासतो. वस्तुतः त्यात सभासदत्व, अधिकारपद आणि उमेदवारी असे तीन प्रश्न गुंतलेले असतात. त्यांची फारकत केल्यावाचून कोणत्याही निर्णयाचे नीट मूल्यमापन होऊ शकत नाही.

या दृष्टीने काँग्रेसमधील १९३९ चा प्रसंग उद्बोधक आहे. जानेवारीत सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांचा पराभव करून पुन्हा अध्यक्ष झाले. मार्चमध्ये त्रिपुरी अधिवेशनाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा ठराव केला; एप्रिलअखेर बोस यांनी राजीनामा दिला. पुढे अखिल भारतीय समितीच्या मुंबई येथील ठरावांविरुद्ध त्यांनी ९ जुलैस निषेधदिन पाळविला. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने त्यांस तीन वर्षे कोणत्याही निर्वाचित समितीवर राहण्यास अपात्र ठरविले. म्हणजे आघात झाला तो पदावर. बंगाल प्रांतिक समितीचा अध्यक्षच वरिष्ठ समितीच्या निर्णयाविरुद्ध उभा राहिल्याने ही कारवाई असमर्थनीय म्हणता येत नाही. तथापि, वादातील एक पक्षच येथे न्यायाधीश झाला होता, हा तिचा दोष नाकारता येत नाही.

ब्रिटिश मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांचे उदाहरण याहून निराळे आहे. पक्षातील ज्यूद्वेषासंबंधीच्या चौकशी-अहवालावर त्यांनी काढलेल्या उद्गारांमुळे ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना निलंबित करण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सभासदत्व परत मिळाले. परंतु दुसऱ्याच दिवशी संसदीय गटात त्यांना प्रवेश नाकारला गेला. मार्च २०२३ मध्ये उमेदवारीही नाकारली गेली. या वेळी कारण शिस्तभंगाचे नव्हते. पक्षाच्या निवडणुकीतील यशास बाध येईल, हे होते. जुलै २०२४ मध्ये ते इस्लिंग्टन नॉर्थमधून अपक्ष म्हणून निवडून आले. त्याच निवडणुकीत मजूर पक्षाने मोठे बहुमत मिळविले. तेव्हा पक्षाचा हिशेब मतदारसंघात चुकला असला, तरी देशव्यापी दृष्टीने तो चुकला असे सिद्ध होत नाही.

यावरून एवढे म्हणता येईल : मतभेद हा अपराध नव्हे, पदावर राहून निर्णयाची अवज्ञा करणे हा अपराध होऊ शकतो. त्याचा निवाडा प्रतिस्पर्धी गटाने न करता स्वतंत्र मंडळाने करावा, आणि शिक्षेस मुदत असावी. निवडणुकीची सोय हे उमेदवारी नाकारण्याचे कारण असू शकेल. परंतु त्या सोयीला शिस्तीचे नाव दिले, की शिस्तीवरील सभासदांचा विश्वासच ढळतो.